भिंत कुठली, ते आधी सांगा

स. न. वि. वि.

डोंबिवलीतली आमची तीन मजली जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झाला. गेल्या दिवाळीत आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला आलो. घर छान आहे, पण अर्धं सामान अजून जमिनीवरच. आरसा भिंतीला टेकवून ठेवलाय, पडद्यांचे रॉड पलंगाखाली आहेत, देव्हारा तात्पुरता शिलाई मशिनवर. शेजाऱ्यांचं ड्रिल मशिन आणून, चाकाच्या खुर्चीवर उभं राहून ह्यांनी आरशासाठी भोक पाडायला घेतलं. बोटाच्या पेराएवढं आत गेलं आणि पुढे जाईचना. नुसता कर्कश आवाज आणि जळका वास. बिटचं टोक निळं पडलं. ह्यांचं म्हणणं, मशिनच भिकार. त्यात मागच्या महिन्यात नळ गळत होता म्हणून प्लंबर बोलावला, त्याने पाच मिनिटांचे चारशे रुपये घेतले. तेव्हापासून घरात हा एकच विषय. दहावीतला मुलगा ऑनलाइन १०८ नगांचा टूलकिट दाखवतोय, ड्रिलसकट ३,४९९ रुपये. सासरे ७९ वर्षांचे, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची लोखंडी पेटी माळ्यावर आहे. ते म्हणतात, ‘पेटीत सगळं आहे, एक पैसा घालवू नका.’ पेटी उघडली तर आत सगळा गंज. पैसे मी देणार आहे, पाच हजारांपर्यंत. काय घेऊ, कुठल्या कंपनीचं घेऊ आणि ह्या पेटीचं काय करू? जाता जाता अजून एक. पेटीत एक पितळी, भोवऱ्यासारखी, चांगली जड वस्तू आहे, वरच्या बाजूला दोरी ओवायला भोक. सासऱ्यांना विचारलं तर नुसते हसले. ते काय आहे?

— डोंबिवलीची एक वाचक

ताई, आधी तुमच्या शेजाऱ्यांची बाजू घेतो. त्यांचं मशिन भिकार नाही. ज्या भिंतीवर ते चालवलं ती भिंत त्याच्या आवाक्यातली नव्हती, एवढंच.

कल्याणात एकतीस वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसलो, आता मुलगा बसतो. ‘ड्रिल दाखवा’ म्हणत गिऱ्हाईक आलं की मी मशिन काढायच्या आधी एक प्रश्न विचारायचो: भोक पाडताना भुकटी कुठल्या रंगाची पडते? लोक चक्रावायचे. पण सगळं उत्तर त्या भुकटीत असतं. वरचं प्लॅस्टर संपल्यावर लाल भुकटी पडली तर विटेची भिंत. तुमच्या जुन्या इमारतीत तीच होती, तिथे साधं ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं चालत असणार. पांढरट, मऊ, रांगोळीसारखी भुकटी भसाभस पडली आणि बिट जवळजवळ आपोआप आत गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. आणि थोडं आत गेल्यावर करडी, बारीक भुकटी पडायची थांबली, आवाज चढला, बिट तापलं, तर समोर काँक्रीट आहे.

तुमचं तिसरं. नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी आता विटा रचतच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्येच ओततात. बांधकामवाले त्याला मायवान म्हणतात. म्हणजे जी ताकद पूर्वी फक्त कॉलम आणि बीममध्ये असायची ती आता तुमच्या बेडरूमच्या भिंतीत आहे, आणि आत सळ्याही आहेत. काही टॉवरांत बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या आणि आतल्या एएसीच्या असतात. म्हणून प्रत्येक भिंत वेगळी तपासा. कपाटामागे किंवा पडद्याच्या आड झाकली जाईल अशा जागी ५ मिमीचं एक भोक पाडायचं, खाली पांढरा कागद धरायचा आणि पेन्सिलने कागदावर खोलीचं नाव लिहून ठेवायचं. दहा मिनिटांत घराची कुंडली तयार.

आता साधं ड्रिल काँक्रीटपुढे का हरतं ते सांगतो, म्हणजे पाच हजार चुकीच्या जागी जाणार नाहीत. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यामुळे बिटला बारीक बारीक हिसके बसतात. मिनिटाला हजारो, पण हिसकेच. टिचक्या म्हणा. त्यात जोर तुमच्या खांद्याचा. विटेला टिचक्या पुरतात. रोटरी हॅमर नावाचं जे मशिन असतं त्याच्या पोटात दट्ट्या असतो, तो हवा दाबतो आणि त्या दाबाने मागून खरा घाव बसतो. उखळात मुसळ पडावं तसा. हाताने फार रेटावं लागत नाही, मशिन नुसतं सरळ धरायचं. ह्याचं बिटही वेगळं असतं, मागच्या बाजूला खाचा असलेलं, एसडीएस म्हणतात. ते चावीने आवळायचं नसतं, ढकललं की खट्कन बसतं. यजमानांनी बहुधा बिट निळं पडेपर्यंत रेटलं. निळं पडलेलं बिट जाळलेलंच समजा, शेजाऱ्यांना नवं आणून द्या. ६ मिमीचं मॅसनरी बिट काही महाग नसतं आणि शेजार टिकतो.

मग रोटरी हॅमर घ्यायचा का? माझं मत, नको. चांगल्या कंपनीचं छोटं मशिनसुद्धा तुमचं सगळं बजेट खाऊन वर उरतं. आणि तुम्हाला भोकं पाडायचीत किती? आरसा, चार खिडक्यांचे रॉड, देव्हारा, न्हाणीघरातले हुक, एखादी फळी. पंचवीस-तीस. एका रविवारचं काम. त्यानंतर वर्षभर ते मशिन तुमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या पेटीशेजारी बसणार. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत, फॅब्रिकेशनवाल्यांकडे रोटरी हॅमर दिवसाच्या भाड्याने मिळतो, अनामत ठेवावी लागते. त्याहून बरं म्हणजे सोसायटीच्या बैठकीत विषय काढा. टॉवरात नव्याने राहायला आलेली सगळी बिऱ्हाडं एकाच भिंतीशी झगडतायत. सगळ्यांनी थोडे थोडे घालून एक मशिन ऑफिसात ठेवलं तर कुणालाच विकत घ्यावं लागणार नाही. फक्त बिटं ज्याची त्याने आणायची असा नियम करा, नाहीतर पंधरा दिवसांत भांडणं.

मशिन आणायच्या आदल्या दिवशी सगळ्या भोकांच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. ह्याला अर्धा दिवस लागतो आणि खरं काम तेच आहे. मशिन हातात आल्यावर ‘अगं जरा वर धर, नाही नाही, खाली’ सुरू झालं की भोकं वाकडी पडतात. दुपारी एक ते चार सोसायटीत आवाजाला बंदी असेल, तेही आधी विचारा.

खुणा करताना दोन गोष्टी सांभाळा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, आतली वायर त्याच रेषेत जाते. नळाच्या आणि गिझरच्या रेषेतही तसंच. हे मी दुकानात हजार जणांना सांगितलं आणि स्वतःच्या न्हाणीघरात टॉवेलचा रॉड लावताना गरम पाण्याच्या पाइपात भोक पाडलं. रविवार सकाळ होती. तोंडावर असा फवारा आला की पाच मिनिटं मला मुख्य कॉक कुठे आहे तेच आठवेना. सहा फरशा फोडाव्या लागल्या, आणि तशा फरशा बाजारात राहिल्या नव्हत्या. आजही त्या सहा वेगळ्याच रंगाच्या आहेत आणि बायको पाहुण्यांना आवर्जून दाखवते. तेव्हा हँडओव्हरच्या वेळी बिल्डरने वायरिंगचा आणि पाण्याच्या लाइनीचा नकाशा दिला असेल तर काढून ठेवा. नसेल तर सोसायटीतून मागा. काँक्रीटमध्ये सळई लागली तर रोटरी हॅमरही अडतो, आवाज धातूचा येतो. तिथे हट्ट करायचा नाही, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकायचं. सळई कापणं हा घरमालकाचा अधिकार नाही, ती सगळ्या टॉवरची आहे.

फरशीवर भोक पाडायचं असेल तर मशिनचा हॅमर, म्हणजे मागून घाव घालणं, बंद; नुसतं फिरू द्यायचं. टाइल्सचं भाल्यासारखं टोक असलेलं बिट लावून, फरशीवर चिकटपट्टी डकवून, सावकाश. फरशीच्या पार गेल्यावर हॅमर सुरू.

भोक पडलं की गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवायची छोटी नळी. जुने मिस्त्री हिला अजून रावळ प्लग म्हणतात. मला लहानपणी वाटायचं की कुणी रावळ नावाचे मराठी गृहस्थ असावेत. ते निघाले इंग्लंडचे जॉन रॉलिंग्ज. १९११ च्या सुमारास त्यांनी तागाच्या धाग्यांची गिट्टी केली, त्याआधी भिंतीत लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू फिरवायची पद्धत होती. आपल्याकडचे जुने सुतार तेच करायचे, आणि ती खुंटी पावसाळ्यात फुगायची नि उन्हाळ्यात सैल व्हायची. नायलॉनची, पंख फुटणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांची, १९५८ ची. काँक्रीटमध्ये ती उत्तम धरते. ६ मिमी भोक, ६ मिमी गिट्टी, आणि गिट्टीच्या पाकिटावर जो स्क्रू लिहिलाय तोच. भोकातली भुकटी फुंकर मारून काढा, डोळे मिटून. भुकटी राहिली की गिट्टी पूर्ण आत बसत नाही आणि मग लोक तिला हातोडीने ठोकून तिचं डोकं चेपतात. एएसीच्या भिंतीत मात्र ही आखूड गिट्टी फसते, कारण ब्लॉक मऊ असतो, पाण्यावर तरंगेल इतका हलका. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब, खास एएसीची गिट्टी मागायची. दुकानदार ‘सगळ्याला एकच चालते’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आता पाच हजारांचं. पहिले दोन-अडीच हजार शिडीला. हे वाचून तुमचा मुलगा नाराज होईल. पण चाकाच्या खुर्चीवर चढून वर हात करून यजमान ड्रिल चालवत होते हे तुम्हीच लिहिलंयत, आणि ते वाक्य मी तीनदा वाचलं. आमच्या गल्लीत घरकाम करताना ज्यांचं ज्यांचं हाड मोडलं त्यांतला एकही जण हत्याराने जखमी झालेला नाही. सगळे स्टुलावरून, खुर्चीवरून किंवा कडप्प्याच्या ओट्यावरून पडलेले. घडीची, ए आकाराची, चार-पाच पायऱ्यांची शिडी घ्या. पायाला रबर हवं, पायऱ्या रुंद हव्यात, मधला अडसर पक्का बसायला हवा. दुकानातच दुसऱ्या पायरीवर उभं राहून डावी-उजवीकडे झुका. करकरली तर नको. सासऱ्यांना मात्र चढू देऊ नका, कितीही ‘मी इंजिनावर चढलोय’ म्हणाले तरी.

उरलेल्या पैशांत ज्या वस्तू रोज लागतात त्या चांगल्या घ्या. पहिला स्क्रू ड्रायव्हर. फुलीचा, २ नंबरचा, सहा इंची. घरातले निम्मे स्क्रू त्यानेच निघतात. लोक म्हणतात स्क्रूचं डोकं खराब झालं. दहातले आठ वेळा डोकं ड्रायव्हरने खराब केलेलं असतं, टोक लहान पडलेलं किंवा मऊ लोखंडाचं असतं म्हणून. दुकानात एक युक्ती करा. खिशात घरचा एक स्क्रू घेऊन जा, ड्रायव्हर आडवा धरा आणि टोकावर स्क्रू बसवा. न पडता, न डुगडुगता राहिला तर ते टोक त्या स्क्रूचं आहे. चुंबक असलेल्या टोकावर ही परीक्षा चालत नाही, तिथे काहीही चिकटतं. जोडीला एक चपटा मोठा, एक लहान.

पक्कड आठ इंची. ती उजेडासमोर धरून मिटा, टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत आणि मधून उजेडाची एकच रेघ दिसली पाहिजे. कापायच्या जागेत वर्तमानपत्राचा कागद धरून दाबा. स्वच्छ कापला तर पात्यं जुळलीयत, नुसता दुमडला तर बाजूला ठेवा. जाहिरातीपेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो. नळासाठी स्क्रू पाना दहा इंची घ्या. आठ इंचीचं तोंड साधारण २४-२५ मिमीपर्यंत उघडतं, दहा इंचीचं ३० च्या आसपास. बेसिनखालच्या नटांना ते पुरतं. आठ इंची घेतला की नेमक्या एका नटाला एका केसाने कमी पडतो, हा माझा नाही, सगळ्या गिऱ्हाइकांचा अनुभव. मेजरटेप पाच मीटरची. लहान पाणसळ, म्हणजे बुडबुडा असलेली लेव्हल. ती विकत घेताना काउंटरवर ठेवून बुडबुडा बघा, मग तिथेच डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा बुडबुडा तुमच्या बाजूने बघता एकाच जागी आला तर लेव्हल खरी, काउंटर वाकडा असला तरी. मोबाइलमधली लेव्हल? फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तो विसरून तुमचा आरसा कायमचा तिरका बसेल.

डोळ्यांवरचा चष्मा विसरू नका, शंभर रुपयांच्या आत मिळतो. डोक्यावरचं भोक पाडताना भुकटी सरळ डोळ्यांत येते.

टेस्टर घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्यातला दिवा पेटला म्हणजे करंट आहे हे बहुतेक वेळा खरं, पण पेटला नाही म्हणजे करंट नाही हे खरं नाही. रबरी सपाता घालून, शिडीवर उभं राहून तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही, आणि उन्हात तर पेटलेलाही दिसत नाही. वापरायच्या आधी चालू असलेल्या प्लगवर तपासा, मग काम असेल तिथे लावा, मग पुन्हा त्या चालू प्लगवर. आणि त्याआधी काम असेल तिथला एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डातला त्या लाइनीचा स्विच, खाली करा. नव्या इमारतीत बोर्डावर टेस्टचं बटण असलेला एक स्विच असतो, तो आरसीसीबी, करंट गळायला लागला की आपोआप पडणारा, ३० मिलिअँपिअरचा. ते बटण दाबून स्विच पडतोय का ते महिन्यातून एकदा बघा. विजेच्या कामात हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे आणि ते तुमच्या घरात फुकट बसवलेलं आहे. बल्ब, होल्डर, प्लग टॉप एवढं घरी करा. बोर्ड उघडायचा असेल तर परवानाधारक वायरमन.

आता मुलाचं किट. १०८ हा आकडा जपमाळेला ठीक आहे. यादी नीट वाचा: चाळीसेक इवल्या बिटा, दहा-वीस सॉकेट, तीस-चाळीस गिट्ट्या आणि स्क्रू, तेही नग म्हणून मोजलेले. पेटीची खाच आणि कडीही मोजत नाहीत हे त्यांचे उपकार. एवढ्या पैशांत ड्रिलही द्यायचं आणि शंभर नगही द्यायचे तर लोखंड कुठे वाचवणार? टोकांत. पहिला घट्ट स्क्रू आला की टोक गोल होतं. आणि त्यातलं ड्रिल पुन्हा साधं, टिचक्यांचं, तुमच्या भिंतीला न चालणारं. पण मुलाला ओरडू नका. दहावीतल्या मुलाला मोबाइल सोडून हत्यारं बघावीशी वाटतायत, ही बरी खूण आहे. त्याला वेगळं काम देतो, खाली आलंय.

कंपनीचं विचारलंत. हाताच्या हत्यारांत टपारिया माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपायचं, आणि आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कारखाना असल्याने मलाही त्याचं थोडं कौतुक आहे, हे कबूल. पण कंपनीच्या नावापेक्षा ते नाव खरं आहे का हे महत्त्वाचं. पक्कड, पाने, ड्रायव्हर यांत नकली माल भरपूर येतो, पाकिटावर एखादं अक्षर इकडचं तिकडे. बिल देणारा दुकानदार आणि बदलून देण्याची तयारी, ह्याला दहा टक्के जास्त गेले तरी चालतील. एखाद्या शनिवारी वेळ असेल तर मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर चक्कर मारा. हत्यारांची एवढी दुकानं एका जागी दुसरीकडे क्वचित बघायला मिळतील. घासाघीस होते. सासऱ्यांना बरोबर न्या, चालवत असेल तर. माटुंग्याच्या फिटरला नागदेवी माहीत नाही असं होणार नाही.

अँगल ग्राइंडर मात्र कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. ती फुटली किंवा अडकली तर काय होतं ते मी कारखान्यात काम करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बोटांवर बघितलंय. घरात त्याचं एकही काम नाही.

चारशे रुपयांचं बोलायचं तर मी प्लंबरला फार दोष देणार नाही. त्याचे पाने, त्याचा पेट्रोलचा खर्च, आणि नेमका कोणता भाग गेलाय हे त्याला पाच मिनिटांत कळलं, त्याचे ते पैसे. पण पुढच्या वेळी तुम्ही करू शकता. जुन्या नळांना चार फेऱ्या माराव्या लागायच्या, त्यांत रबराचा वायसर असायचा, तो बदलला की झालं. तुमच्या नव्या घरातले नळ पाव फेरीत उघडतात, त्यांत चिनीमातीच्या दोन चकत्यांचं स्पिंडल असतं. ते गळायला लागलं की पूर्ण स्पिंडल बदलायचं. बेसिनखालचा अँगल कॉक बंद करा, नळ उघडून पाणी संपू द्या, टोपी काढा, स्क्रू काढा, दहा इंची पान्याने स्पिंडल सोडवा आणि तेच खिशात घालून दुकानात जा. ‘असं द्या’ एवढंच म्हणायचं. कंपनीचं नाव आणि फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक दोनदा परत येतं, जुना भाग घेऊन आलेलं एकदाच. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नळ आवळताना ती सुटणार नाही, अजून घट्ट होईल. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पाना लावून अंगातली ताकद दाखवायची नाही. हाताने आवळा, मग पान्याने अर्धी फेरी.

राहिली पेटी. ती भंगारवाल्याला देऊ नका. वर्कशॉपच्या माणसाची हत्यारं म्हणजे कामासाठी घेतलेलं लोखंड, दिखाऊ नव्हे. गंज बहुतेक वरवरचा असतो. एका प्लॅस्टिकच्या टबात पांढरं व्हिनेगर ओता, हत्यारं बुडतील एवढं, रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या दातघासणीने किंवा भांडी घासायच्या तारेने घासा, पाण्याने धुवा, कपड्याने पुसून लगेच उन्हात ठेवा. लगेच म्हणजे लगेच, नाहीतर दुपारपर्यंत नवा गंज येतो. कोरडं झालं की शिलाई मशिनचं तेल चोळा. देव्हारा त्याच मशिनवर आहे, तेलाची बाटली जवळच असेल. हे काम मुलाचं. दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका, एका रविवारी आजोबांना शेजारी खुर्ची टाकून द्या. कोणत्या हत्याराने काय करतात हे तो त्यांना विचारेल आणि त्यांना ते सांगायला मिळेल. माझा अंदाज असा, की ‘एक पैसा घालवू नका’ ह्यामागे पैशाची काटकसर थोडी आणि पेटी कुणी उघडत नाही ह्याचं दुःख जास्त आहे. चूक असेन तर कळवा.

पेटीतली हातोडी फिटरची असेल, एका बाजूला गोल डोक्याची. चांगली असते. दांडा सैल असेल तर पाण्यात बुडवून ठेवू नका, तो दोन दिवस फुगतो आणि मग जास्त सैल होतो. डोक्याच्या वरच्या फटीत नवी पाचर ठोका. कानशी ठेवा, कपाटाची कडी बसत नसेल तेव्हा त्याच कामाला येतात. पाने मात्र तपासून वापरा. जुन्या पान्यांवर ‘३/८ डब्ल्यू’ असं काही कोरलेलं असेल तर ते इंचाच्या जमान्यातलं विटवर्थ माप आहे, आणि गंमत म्हणजे तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही. ३/८ च्या पान्याचं तोंड साधारण १८ मिमी असतं. आजच्या १७ च्या नटावर तो चढतो, पण सैल बसतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. तसे पाने साफ करून सासऱ्यांना दाखवायला ठेवा, नळाला लावू नका.

आणि ती पितळी भोवऱ्यासारखी वस्तू. सासरे हसले कारण त्यांना वाटलं असेल की ही तर कुणालाही माहीत असते. तो ओळंबा आहे. दोरी ओवून सोडला की तो उभी रेघ दाखवतो, आणि तुमच्या पाणसळीपेक्षा खरी, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. उंच पडद्यांचे ब्रॅकेट एकाखाली एक आणायचे असतील किंवा आरशाची कड उभी आहे का बघायचं असेल तर तोच लटकवा आणि हलायचा थांबेपर्यंत पंखा बंद ठेवा. फक्त तो त्या व्हिनेगरच्या टबात टाकू नका. पितळेचा आहे, देवाच्या भांड्यांबरोबर पीतांबरीने घासा.